शॅपच्या घाटातला दगड

इंग्लंडच्या वायव्य भागात केंडल आणि पेनरिथ या दोन गावांच्या मध्ये ए-६ या जुन्या हमरस्त्याला शॅपचा चढ लागतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्याला घाट म्हणताना थोडे हसूच येईल, कारण माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम चौदाशे फुटांवर आहे. पण १९७० साली एम-६ हा मोटरवे या डोंगरावरून गेला, तोपर्यंत लँकेशायर आणि ग्लासगो यांच्यात धावणाऱ्या मालवाहू गाड्यांचा हाच रस्ता होता. हिवाळ्यात बर्फ पडले की गाड्यांची रांग जागच्या जागी थिजायची. आज त्या माथ्याजवळ रस्त्याच्या कडेला एक दगड उभा आहे. त्यावरच्या पाटीत या अवघड वाटेने गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हरांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे स्मरण केले आहे. रस्ता बांधणाऱ्यांची आणि राखणाऱ्यांची आठवण ठेवली आहे, तसेच अडकलेल्या प्रवाशांना पिढ्यानपिढ्या अन्न आणि आसरा देणाऱ्या आसपासच्या लोकांचीही. युद्धात पडलेल्या सैनिकांची स्मारके ब्रिटनमध्ये गावोगाव आहेत. मालवाहू गाड्यांच्या ड्रायव्हरांचे स्मारक मात्र मी दुसरे पाहिलेले नाही, फोटोतही नाही.

फोटोत असे म्हणालो, कारण मी ब्रिटनला कधी गेलेलो नाही. या विषयाचे माझे सगळे शिक्षण रद्दीच्या दुकानांत मिळालेल्या जुन्या ब्रिटिश मासिकांवर आणि पुस्तकांवर झाले. त्याचे कारण मात्र घरातले आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, कराडच्या एका हुंडेकऱ्याकडे ड्रायव्हर होते. गुळाच्या ढेपा भरून मुंबईला जाणारी त्यांची गाडी अशोक लेलँडची ‘कॉमेट’ होती. त्या नावाचा अर्थ धूमकेतू, हे मला शाळेत कळले. लेलँड हे मुळात एका इंग्रजी गावाचे नाव आहे, हे कळायला आणखी वीस वर्षे गेली.

वाचत गेलो तसे लक्षात आले की ब्रिटनमध्ये जुन्या लॉऱ्यांवर जीव टाकणारा एक मोठा समाज आहे. निवृत्त ड्रायव्हर, गॅरेजवाले, हुंडेकऱ्यांची मुले-नातवंडे गंजलेले सांगाडे शेतांतून उचलून आणतात आणि वर्षानुवर्षे खपून ते चालू करतात. १९६२ पासून जुन्या व्यापारी वाहनांची लंडन ते ब्रायटन अशी फेरी निघते. लेलँड गावात १९८३ साली या वाहनांचे संग्रहालय उघडले. या सगळ्या स्मरणरंजनाचा सूर एकच असतो : तेव्हाचे दिवस कष्टाचे होते, पण काय दिवस होते! ज्या कामाने माणसाची हाडे खिळखिळी केली, त्या कामाची हुरहुर त्याच माणसाला का वाटावी? या लेखात मी या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहतो.

गावाच्या नावाची गाडी

ब्रिटनमध्ये ट्रकला लॉरी म्हणतात आणि उत्तरेकडे ‘वॅगन’ हा शब्दही चालतो. विसाव्या शतकाच्या मध्यात लॉऱ्या बनवणारे कारखाने त्या लहानशा देशात जागोजाग होते. लेलँडची सुरुवात १८९६ साली ‘लँकेशायर स्टीम मोटर कंपनी’ या नावाने झाली, आणि १९०७ मध्ये कंपनीने गावाचेच नाव घेतले. एईसीच्या गाड्या लंडनजवळच्या साउथॉलमध्ये तयार होत. हे तेच साउथॉल, जे पुढे पंजाबी वस्तीसाठी प्रसिद्ध झाले. ॲटकिन्सन प्रेस्टनजवळची, स्कॅमेल वॉटफर्डची, गाय वुल्व्हरहॅम्प्टनची, आल्बियन ग्लासगोची, बेडफर्ड ल्यूटनची.

चेशायरमधल्या सँडबॅच या गावात तर असे दोन कारखाने होते, आणि ते एकाच घरातून निघाले होते. फोडेन घराणे वाफेच्या लॉऱ्यांसाठी नावाजलेले होते. एडविन रिचर्ड फोडेन यांचे मत पडले की पुढचा काळ डिझेलचा आहे. घरच्या कंपनीत ते पटेना, म्हणून ते बाहेर पडले आणि १९३३ साली त्यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांची ‘ईआरएफ’ ही कंपनी काढली. पहिल्या गाडीला त्यांनी ६३ हा क्रमांक दिला, कारण त्या वर्षी त्यांचे वय ६३ होते. मोकळ्या गाडीच्या वजनावर बसणाऱ्या करांनी वाफेच्या जड गाड्यांचा जमाना लवकरच संपवला आणि फोडेन कंपनीलाही डिझेलकडेच वळावे लागले.

गाड्यांची नावेही ऐकण्यासारखी होती. लेलँडने प्राणिसंग्रहालयच उघडले होते : बीव्हर, हिप्पो, बायसन आणि आठ चाकांची म्हणून ऑक्टोपस. एईसीची नावे ‘म’ने सुरू होत : मर्क्युरी, मँडेटर, मॅमथ मेजर. आल्बियनने स्कॉटिश नावे घेतली आणि ‘चीफटन’ म्हणजे टोळीचा नायक रस्त्यावर आणला. गायच्या गाड्यांवर पिसांचा टोप घातलेल्या अमेरिकन आदिवासी सरदाराचे मुंडके बसवलेले असे.

ईआरएफ आणि ॲटकिन्सन हे कारखाने सगळे भाग स्वतः बनवत नसत. इंजिन बहुधा मँचेस्टरजवळच्या गार्डनर कंपनीचे, गिअरबॉक्स डेव्हिड ब्राउनचा, आस किर्कस्टॉलचा आणि केबिन लाकडी चौकटीवर सुतार-पत्रेकाऱ्यांनी चढवलेली. गार्डनरच्या इंजिनासाठी ग्राहक महिनोन्‌महिने थांबत. या कंपनीचे १९५८ साली आलेले ‘६ एलएक्स’ हे इंजिन मिनिटाला फक्त १७०० फेऱ्यांवर दीडशे अश्वशक्ती देई. त्या बळावर चोवीस टनांची गाडी डोंगर चढत असे. आज ब्रिटनच्या रस्त्यांवर चव्वेचाळीस टनांपर्यंतच्या गाड्या असतात आणि त्यांची ताकद चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या घरात असते. जुनी गाडी चढाला किती वेळ घेत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

गाडीच्या दारावर हुंडेकऱ्याचे नाव आणि गाव रंगाऱ्याने हाताने रंगवलेले असे. त्यामुळे शॅपच्या चढावर एकामागून एक रांगणाऱ्या गाड्या पाहणाऱ्याला गाडी कुठे बनली आणि कुठल्या गावची, हे दोन्ही कळत असे. स्मरणरंजनाचा पहिला धागा इथे आहे. ज्या गावांची ओळख या कारखान्यांवर उभी होती, त्यांतले बहुतेक कारखाने आज नाहीत.

वीस मैलांचा कायदा

ड्रायव्हरचे आयुष्य मात्र कारखान्यापेक्षा कायद्याने अधिक घडवले. १९३०च्या कायद्याने एका ड्रायव्हरने चोवीस तासांत अकरा तासांहून अधिक गाडी चालवू नये, असे ठरवले. १९३३च्या कायद्याने परवान्यांचे तीन वर्ग केले. लोकांचा माल भाड्याने नेणाऱ्याला ‘ए’, फक्त स्वतःचा माल नेणाऱ्याला ‘सी’ आणि दोन्ही करणाऱ्याला ‘बी’. रेल्वेशी चाललेल्या स्पर्धेला आवर घालणे हा त्यामागचा एक हेतू होता. युद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारने १९४७च्या कायद्याने लांब पल्ल्याची भाडोत्री वाहतूक राष्ट्रीय मालकीची केली आणि १९४८ पासून ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’च्या गाड्या धावू लागल्या. उरलेल्या खासगी हुंडेकऱ्यांना आपल्या ठाण्यापासून पंचवीस मैलांच्या पलीकडे भाडे मारायला बंदी झाली. १९५३ साली हुजूर पक्षाच्या सरकारने हे चक्र उलटे फिरवले आणि गाड्या पुन्हा विकायला काढल्या.

मोकळ्या गाडीचे वजन तीन टनांच्या वर असेल, तर तिला ताशी वीस मैलांची मर्यादा होती. म्हणजे आपल्या हिशेबाने ताशी बत्तीस किलोमीटर. ही मर्यादा तीस मैलांवर गेली ती १९५७ साली. आता साधे गणित करू. लंडन ते ग्लासगो हे अंतर सुमारे चारशे मैल. वीसच्या वेगाने एकदाही न थांबता वीस तास. दिवसाला चालवायची मुभा अकरा तास. म्हणजे कायद्याने जायचे तर दोन दिवस पुरे लागणार. मालकाला माल दुसऱ्या दिवशी हवा असायचा. मग ड्रायव्हर वेग मर्यादेच्या वर नेई आणि रोजचे तास लिहायच्या कागदावर वेगळेच काही भरी.

कायद्याचे आणखी एक अपत्य म्हणजे गाडीवरचा सोबती. आठ चाकी लॉरीमागे दांड्याने जोडलेला ट्रेलर ओढायचा तर त्याच्यासाठी दुसरा माणूस सक्तीचा होता. आपल्याकडच्या क्लीनरचा हा इंग्रजी भाऊ. कित्येक ड्रायव्हर या सोबतीतूनच शिकून तयार झाले. १९६४ साली नियम बदलले, बत्तीस टनांपर्यंतच्या जोडगाड्यांना परवानगी मिळाली. त्यांना सोबती लागत नव्हता. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्या कमी होत गेल्या आणि त्यांच्याबरोबर ड्रायव्हर घडवण्याची ही रीतही गेली.

दोर, ताडपत्री आणि डबल क्लच

लॉरीचा हौदा बहुधा सपाट असे, बाजूला फाळके नाहीत. त्यावर पोती, पिंपे, कापसाचे गठ्ठे, लोखंडाच्या कांबी असा कुठलाही माल यायचा. तो रचायचा, वर ताडपत्री अंथरायची, कोपरे पावसाचे पाणी आत येणार नाही असे दुमडायचे आणि दोर आवळून बांधायचे. दोर ताणण्यासाठी एक खास सरकगाठ होती, तिला ‘डॉली’ म्हणत. ती गाठ मारली की एका माणसाच्या ओढीत दोघातिघांचे बळ येई, आणि सोडायची झाली की एका झटक्यात सुटे. कुणाची ताडपत्री कशी बांधली आहे, यावरून ड्रायव्हरची लायकी जोखली जात असे. आमच्या आण्णांनाही दुसऱ्याच्या गाडीकडे पाहताना आधी ताडपत्रीच दिसायची.

गिअर बदलायला डबल क्लच मारावा लागे. इंजिनाचा आवाज ऐकून, फेऱ्या नेमक्या उतरल्या की गिअर टाकायचा. चुकले तर दाते कुरकुरत आणि चढावर गाडी जागीच उभी राहण्याची भीती. गाडी मागे घसरू नये म्हणून चाकामागे सारायला लाकडी ठोकळा ठेवलेला असे. अनेक गाड्यांत हीटर नव्हता. इंजिन ड्रायव्हरच्या डावीकडे, केबिनच्या आतच. त्यामुळे डावी बाजू भाजायची, उजवी गारठायची, आणि कानाशी दिवसभर तोच घरघराट. ड्रायव्हर पायांभोवती पोती गुंडाळत आणि दाराच्या फटींत वर्तमानपत्र कोंबत.

रात्री पाठ टेकायला वाटेवर स्वस्त खोल्या असत, मालकाकडून त्याचा भत्ता मिळे. जेवायला ‘ट्रान्सपोर्ट कॅफे’ होते. आपल्या ढाब्याची ही थंड देशातली आवृत्ती. शॅपच्या वाटेवरचे ‘जंगल कॅफे’ यांत सर्वांना ठाऊक. कुठल्या गोदीत माल लवकर उतरतो, कोणत्या उतारावर ब्रेक तापतात, कुणाला परतीचे भाडे हवे आहे, या बातम्या तिथल्या चहाच्या कपांवरून फिरत.

हे सगळे गोड वाटू लागले की मला ‘हेल ड्रायव्हर्स’ हा १९५७ सालचा ब्रिटिश चित्रपट आठवतो. साय एन्डफील्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात स्टॅन्ली बेकर नायक आहे आणि शॉन कॉनरी एका छोट्या भूमिकेत दिसतो. खडी वाहणाऱ्या ड्रायव्हरांना खेपेवर पैसे मिळतात, म्हणून ते अरुंद रस्त्यांवर जिवावर उदार होऊन गाड्या पिटाळतात. चित्रपट अर्थातच भडक केलेला आहे. पण वेग आणि मजुरी एकमेकांना बांधली की माणूस मरतो, हे त्या काळातल्या लोकांना चांगले ठाऊक होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

उबदार केबिन

१९६७ च्या सुमारास ब्रिटनच्या रस्त्यांवर स्वीडनच्या व्हॉल्वो गाड्या येऊ लागल्या. त्यांच्या केबिनमध्ये हीटर होता, धक्के शोषणारी बैठक होती, गिअर डबल क्लचशिवाय पडत होते. इंजिन पाहायचे तर केबिन पुढे कलत असे. ब्रिटिश कारखान्यांना हे अगदीच अनोळखी नव्हते. कलणारी ‘एर्गोमॅटिक’ केबिन लेलँडने १९६४ मध्येच आणली होती. पण एकूण विचार जुनाच राहिला. गाडी विकत घेतो मालक, ड्रायव्हर नाही. मालकाला गाडी हलकी, टिकाऊ आणि कमी तेल खाणारी हवी. मग ड्रायव्हरच्या पाठीचा विचार कारखान्याने कशाला करायचा?

या विचाराची किंमत मोजावी लागली. ड्रायव्हरांची चणचण भासू लागली, तेव्हा चांगला माणूस टिकवायचा तर त्याला चांगली केबिन दिली पाहिजे, हे हुंडेकऱ्यांच्या लक्षात आले. ब्रिटिश कारखान्यांच्या पडझडीला इतर कारणेही होती. १९६८च्या विलीनीकरणातून जन्मलेली ब्रिटिश लेलँड ही अवाढव्य कंपनी मोटारींच्या धंद्यातला तोटा भरण्यात खंगली आणि १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. साउथॉलचा एईसी कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, गाय १९८२ मध्ये, स्कॅमेल १९८८ मध्ये. फोडेन १९८० साली अमेरिकेच्या पॅकार कंपनीकडे गेली आणि २००६ मध्ये ते नाव संपले. ईआरएफ जर्मनीच्या मानकडे जाऊन पुढच्याच वर्षी संपली. लेलँड गावात अजूनही ट्रक बनतात, पण त्यांच्यावर डाफ हे डच नाव असते आणि मालकी पॅकारची.

जुन्या ॲटकिन्सनच्या आठवणीने गहिवरणारे ड्रायव्हर व्हॉल्वोची किल्ली हाती पडली तेव्हा मागे सरले नव्हते. त्यांच्याच आठवणी वाचा, पहिल्या उबदार रात्रीचे वर्णन त्यांत हमखास सापडते. म्हणजे ही हुरहुर थंडीची नाही, खिळखिळ्या हाडांचीही नाही.

केबिनमधला हेर

मग ती कशाची? माझे उत्तर टॅकोग्राफ नावाच्या एका यंत्रापाशी सापडते. हे यंत्र गाडीचा वेग, चालवण्याची वेळ आणि विश्रांती एका गोल कागदी चकतीवर आपोआप नोंदते. युरोपीय समुदायाने ते सक्तीचे केले, तेव्हा ब्रिटनने टाळाटाळ केली. १९७९ साली युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला आणि १९८१ अखेर सक्ती लागू झाली. कामगार संघटनांनी त्याला नाव दिले ‘केबिनमधला हेर’.

त्याआधी गाडी फाटकाबाहेर पडली की तिचा धनी ड्रायव्हर असे. वाट कोणती धरायची, कुठे थांबायचे, बर्फ दिसले तर पुढे जायचे की कॅफेत रात्र काढायची, हे तोच ठरवी. मालकाशी बोलायला वाटेतला टेलिफोन, तोही सापडला तर. गाठ त्याची, गिअरचा कान त्याचा, निर्णय त्याचा. अल्पशिक्षित श्रमिकाला इतकी मोकळीक देणारी कामे कारखान्यांच्या त्या देशात फार नव्हती. ड्रायव्हरांना हुरहुर लावते ती ही मोकळीक आणि तिच्यामागचा विश्वास.

पण याच मोकळिकीत खोटे तास लिहिले जात होते, आणि त्यासाठी मालकाला जबरदस्ती करावी लागत नव्हती. ‘तू ठरव’ एवढे म्हटले की पुरे. झोपेने डोळे मिटत असताना गाडी हाकण्याचा निर्णयही ड्रायव्हरचाच ठरायचा. १९६८च्या कायद्याने चालवण्याची मर्यादा दहा तासांवर आणली, पण तिला खरे दात आले ते टॅकोग्राफमुळे. हेर म्हणून ज्याला शिव्या घातल्या, त्याच चकतीवर बोट ठेवून ड्रायव्हरला ‘आता माझे तास संपले’ असे म्हणता येऊ लागले. स्मरणरंजनात ही बाजू क्वचित येते.

धूमकेतू आमच्या दारी

या गाड्यांची आपल्याकडची शाखा मोठी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. तेव्हाच्या ताफ्यात लाकडी बांधणीच्या तीस बेडफर्ड गाड्या होत्या. पाकिस्तानात नक्षीदार रंगवलेल्या जुन्या बेडफर्ड तर त्या देशाची ओळखच बनल्या. मद्रासमध्ये १९४८ साली रघुनंदन सरन यांनी काढलेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली, आणि बीव्हर, हिप्पो, कॉमेट ही नावे आपल्या रस्त्यांवर आली. याच कंपनीचा एक कारखाना आपल्या भंडाऱ्यात आहे. मूळ लेलँडचा वटवृक्ष कोसळला, त्याची ही पारंबी मात्र जमिनीत रुजून उभी आहे.

ब्रिटनसारखा जुन्या ट्रकांचा सोहळा आपल्याकडे फारसा दिसत नाही. आपण आठवणी जपत नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. स्मरणरंजनासाठी काळ सरावा लागतो, आणि आपल्या ड्रायव्हरचा तो काळ अजून सरलेला नाही. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारी अधिसूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढली, आणि ती लागू झाली २०२५ साली, नव्याने तयार होणाऱ्या गाड्यांना. ब्रिटिश ड्रायव्हरला व्हॉल्वोतला हीटर मिळाला, त्याला तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

मागच्या वर्षी ब्रिटनमधल्या एका मेळाव्यातल्या लेलँड कॉमेटचा फोटो मी आण्णांना दाखवला. गाडी लाल रंगाची, आरशासारखी चकचकीत, दारावर सोनेरी अक्षरे. आण्णांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी उजवीकडे बसलो होतो. त्यांनी बराच वेळ फोटो न्याहाळला. ताडपत्रीची बांधणी ठीक आहे म्हणाले. मग विचारले, ‘‘ह्यात ड्रायव्हर झोपायचा कुठं?’’

मी सांगितले की तिथले ड्रायव्हर रात्री खोली घेऊन झोपायचे आणि तिचे पैसे मालक द्यायचा. आण्णांनी आपल्या सगळ्या रात्री गुळाच्या ढेपांवर नाहीतर गाडीखाली काढल्या होत्या. त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला.

‘‘मग ती गाडी जपायला हरकत न्हाई,’’ ते म्हणाले.